जंतुनाशक कापडाची परीक्षा

२०२० सालच्या करोनाच्या साथीपासून ‘जंतुनाशक’, ‘विषाणुरोधक’ अशी अक्षरे मिरविणाऱ्या मुखपट्ट्या, सदरे आणि पायमोजे बाजारात बरेच आले. त्यांवर ९९.९ टक्के हा आकडाही बहुधा असतो. तो कोठून येतो, याची चौकशी करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

अशा कापडावर चांदी, तांबे वा जस्ताच्या संयुगांचे अतिसूक्ष्म कण बसविलेले असतात. ओलावा मिळताच चांदीचे आयन सुटतात आणि जिवाणूचे आवरण व त्यातील प्रथिने यांस इजा करतात. तांब्याच्या हंड्यात पाणी भरून ठेवणाऱ्या आपल्या आज्यांना याचे फारसे नवल वाटले नसते!

विषाणूंसाठीच्या परीक्षेस आय.एस.ओ. १८१८४ असे नाव आहे. कापडाच्या ०.४ ग्रॅम तुकड्यावर विषाणूंचे द्रव टाकून ते २५ अंश तपमानात साधारणतः दोन तास ठेवतात. शेजारी तसेच साधे कापडही ठेवतात. मग दोन्ही धुवून, जिवंत पेशींच्या थरावर किती विषाणू तग धरतात ते मोजतात. साध्या कापडाच्या तुलनेत हजारात एकच उरला, तर ९९.९ टक्के. आकडा खोटा नव्हे; परंतु तो ओल्या कापडाचा आणि दोन तासांचा आहे. समोरच्याची शिंक तितकी थांबत नाही.

धुण्याचा प्रश्न निराळाच. अमेरिकेत ॲरिझोना येथील बेन व वेस्टरहॉफ या संशोधकांनी २००८ साली चांदीयुक्त मोजे पाण्यात खळबळून पाहिले. काहींतील जवळजवळ सारी चांदी चार धुण्यांतच निघून गेली. म्हणून किती धुण्यांनंतरची परीक्षा, हे दुकानदारास अवश्य विचारावे.

उकव्याच्या वाचकांसाठी आणखी थोडे. तेथे मॉईलची भूमिगत मँगनीज खाण आहे. मँगनीजची धूळ वर्षानुवर्षे श्वासावाटे गेल्यास मज्जासंस्थेस अपाय होतो. चांदीचा लेप जंतूस मारील. धूळ मात्र अडवावीच लागते, आणि ‘विषाणुरोधक’ या शब्दात गाळण्याची हमी नसते. घरातील माणूस खाणीत उतरत असेल, तर धूळ गाळण्याच्या क्षमतेचा दाखला असलेलीच मुखपट्टी हवी. ती चेहऱ्याशी घट्टही बसावयास हवी. दाढी राखली असता ती तशी बसत नाही.