सेंद्रिय कापूस नक्की कोणाच्या आरोग्यासाठी?

ऑगस्टमध्ये एक तरुण जोडपं दोन महिन्यांच्या बाळाला घेऊन दवाखान्यात आलं. बाळाच्या मानेवर घामोळ्या होत्या. आईनं विचारलं, "डॉक्टर, सेंद्रिय कापसाची झबली घ्यावीत का? महाग आहेत, पण त्यात फवारणीचं विष नसतं म्हणे." वडील सकाळी कपाशीवर फवारणी करून तसेच आले होते. त्यांच्या सदऱ्याला कीटकनाशकाचा उग्र वास येत होता, आणि बाळ त्याच खांद्यावर झोपलं होतं.

आधी आईच्या प्रश्नाचं उत्तर. कापूस जिनिंग, सूतगिरणी, उकळणं, ब्लीचिंग आणि अनेक धुण्यांतून गेल्यावरच कापड होतो. त्यामुळे तयार कपड्यात फवारणीचा अंश राहिलाच, तर अगदी नगण्य असतो. त्वचेला त्रास होतो तो बहुधा घाम, गडद रंग किंवा सुरकुत्या पडू नयेत म्हणून लावलेल्या फॉर्मल्डिहाइडयुक्त रसायनांचा. नुसता धागा सेंद्रिय असला म्हणजे रंगही निर्धोक, असं होत नाही. सेंद्रिय कपडा घ्यायचाच असेल तर 'जीओटीएस' हे प्रमाणपत्र पाहा. त्यात धाग्याबरोबर रंग आणि प्रक्रियेच्याही अटी असतात. नाहीतर आजीच्या जुन्या सुती लुगड्याची झबली उत्तम. नवा कपडा मात्र धुऊनच घाला.

मग सेंद्रिय आणि नेहमीच्या कापसात फरक नाही का? आहे, आणि मोठा आहे. पण तो कपडा घालणाऱ्याच्या अंगावर नाही, तर फवारणाऱ्याच्या अंगावर दिसतो.

सेंद्रिय शेतीत रासायनिक कीटकनाशकं, रासायनिक खतं आणि बीटी बियाणं चालत नाही. आपल्या परभणी जिल्ह्यात जवळपास सगळी कपाशी बीटी आहे. 2002 मध्ये बीटी आल्यावर बोंडअळीच्या फवारण्या कमी झाल्या. पण तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी यांवर बीटीचा उपाय नाही. पुढे गुलाबी बोंडअळीनंही बीटीला दाद देणं सोडलं. पंप पुन्हा पाठीवर चढला. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात दाखल झाले. कपाशी डोक्याइतकी वाढलेली असली की फवारा थेट तोंडावर येतो. घामानं भिजलेल्या अंगातून आणि श्वासातून विष शरीरात जातं.

ऑरगॅनोफॉस्फेट गटातल्या विषाची लक्षणं लक्षात ठेवा: खूप घाम, तोंडाला लाळ, उलट्या, धूसर दिसणं, बाहुली बारीक होणं, स्नायू फडफडणं, धाप लागणं. अशा वेळी माणसाला शेताबाहेर काढा, कपडे उतरवा, साबण-पाण्यानं अंग धुवा, 108 ला फोन करा आणि औषधाची बाटली सोबत आणा. उलटी करायला लावू नका. दूध-तूप पाजू नका.

माझं मत स्पष्ट आहे. आरोग्याच्या दृष्टीनं सेंद्रिय कापूस चांगलाच, पण तो पिकवण्याचं ओझं एकट्या शेतकऱ्यावर टाकू नये. प्रमाणपत्र मिळेपर्यंतची दोन-तीन वर्षं उत्पादन घटतं आणि भाव मात्र साधाच मिळतो. हा खड्डा सरकारनं आणि खरेदीदारानं भरायला हवा. शहरातल्या वाचकांनी सेंद्रिय सदऱ्याचे जादा पैसे जरूर द्यावेत, पण स्वतःच्या त्वचेसाठी नव्हे, तर पंप पाठीवर घेणाऱ्यासाठी.

तोवर निंबोळी अर्क, कामगंध सापळे वापरून आणि किडींची संख्या पाहूनच फवारणी करून विष कमी करता येतं. मास्क, हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि वाऱ्याच्या दिशेनं पाठ, एवढं तरी हवंच. घरी तंबाखू किंवा धोत्र्याचा अर्क करणाऱ्यांनीही हातमोजे घालावेत. झाडपाल्याचं विषही विषच.

त्या दिवशी मी वडिलांना एवढंच सांगितलं: फवारणीहून आल्यावर आधी साबणानं आंघोळ, ते कपडे वेगळे धुवायचे, मगच बाळाला घ्यायचं. त्यांनी तिथंच बाळ आईकडे दिलं.

झबल्याच्या लेबलापेक्षा तो सदरा महत्त्वाचा होता.