मॅग्नेशियमची डबी मागण्याआधी

माझ्या मेडिकलमध्ये हल्ली मॅग्नेशियमला मोठी मागणी आहे. झोप लागत नाही म्हणून, पोटरीत गोळे येतात म्हणून, आणि अलीकडे ‘छातीत मधेच ठोका चुकतो’ म्हणून. डबी खपली तर फायदा माझाच. तरी मी आधी विचारतो, पित्ताची गोळी रोज घेता का?

बहुतेक वेळा उत्तर ‘हो’ असतं. कधीतरी पंधरा दिवसांसाठी लिहून दिलेली पॅन्टोप्राझोल वर्षानुवर्षं उपाशीपोटी चालू असते. या गटातल्या गोळ्या दीर्घकाळ घेतल्या तर रक्तातलं मॅग्नेशियम उतरू शकतं, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०११ मध्येच दिलाय. त्यात बीपीसाठी लघवीची गोळी असेल, तर मॅग्नेशियम त्या वाटेनंही जातं, सोबत पोटॅशियमही. म्हणजे एका गोळीनं गळती, दुसरीनं भरती, आणि बिल दोन्हींचं. पहिली थांबवता येईल का, हे डॉक्टरांना विचारायला मात्र कुणी जात नाही.

चुकला असं वाटतं तो ठोका खरं तर वेळेआधी पडलेला असतो. हृदयात रक्त पुरतं भरलेलं नसतं, म्हणून तो नाडीला जेमतेम लागतो. मग थोडा विराम, त्यात जास्तीचं रक्त भरतं, आणि पुढचा ठोका छातीत धाडकन बसतो. माणूस घाबरतो तो या पुढच्या, सरळ ठोक्याला! ठोके नोंदवणारा होल्टर चोवीस तास लावला तर धडधाकट माणसांतही असे जादा ठोके सापडतात.

मॅग्नेशियमनं ते कमी होतात का? पुरावा आहे, पण तोकडा. जर्मनीतल्या ‘मॅजिका’ चाचणीत (१९९७) २३२ रुग्णांपैकी काहींना तीन आठवडे पोटॅशियम आणि मॅग्नेशियम दिलं, बाकीच्यांना नुसती दिखाऊ गोळी. ठोके सुमारे सतरा टक्क्यांनी घटले, पण रुग्णांना जाणवणारा त्रास होता तसाच राहिला. २०१२ साली ब्राझीलमध्ये साठ जणांवर महिनाभर प्रयोग झाला. तिथं मॅग्नेशियम घेणाऱ्या बहुतेकांना आराम पडला. पण तो क्षार होता पिडोलेट. माझ्या फळीवर ऑक्साइड आणि ग्लायसिनेट आहे, आणि ऑक्साइड अंगी लागतं कमी, जुलाब करतं जास्त.

शिवाय ठोके घटले म्हणजे धोका टळला, असंही नाही. हार्ट अटॅकनंतर हेच ठोके दाबायला एन्कॅनाइड, फ्लेकॅनाइड देत असत. ती घेणारेच जास्त दगावतात, हे ‘कास्ट’ चाचणीत १९८९ साली उघड झालं. मॅग्नेशियम तसलं जहाल नाही, हे खरं. पण किडनी अधू असेल तर तेही शरीरात साचतं.

रक्त तपासून घ्या म्हणावं, तर शरीरातल्या पंचवीसेक ग्रॅम मॅग्नेशियमपैकी एक टक्काही रक्तद्रवात नसतं. रिपोर्ट नॉर्मल आणि कमतरता कायम, असं होऊ शकतं. म्हणून जुना जुलाब, डायबेटिस, दारू किंवा वर सांगितलेल्या गोळ्या असतील, तर डॉक्टरांनी महिनाभर मॅग्नेशियम देऊन बघावं, याला माझी हरकत नाही. बाकीच्यांना मी बाजरीची भाकरी, तीळ, शेंगदाणे सुचवतो. त्यात माझं मार्जिन शून्य.

ज्याला चक्कर येते, धावताना असे जादा ठोके वाढतात, घरात कुणी तरुणपणी अचानक गेलंय, त्याला मी डबी देत नाही, आधी ईसीजी काढायला पाठवतो. तो समोरच्या दुकानातून घेऊन जातो. तिथं कुणी काही विचारत नाही. अशा पूरक गोळ्यांच्या डबीवर ‘औषधी वापरासाठी नाही’ अशा अर्थाची ओळ नियमानं छापावी लागते. ती असते इंग्रजीत, भिंगातून वाचावी इतकी बारीक. सरकारनं ती मराठीत आणि डबीच्या दर्शनी बाजूला, कंपनीच्या नावाएवढ्या टायपात छापायला लावावी.