पाटीवर नसलेलं नाव

टेस्ट ट्यूब बेबी म्हटलं की आपल्याला डॉक्टर आठवतात. १९८६ मध्ये मुंबईच्या केईएममध्ये हर्षाचा जन्म झाला आणि डॉ. इंदिरा हिंदुजांचं नाव घरोघरी पोचलं. थोडं जास्त वाचणाऱ्यांना इंग्लंडचे रॉबर्ट एडवर्ड्स आणि पॅट्रिक स्टेप्टोही माहीत असतात. पण जीन पर्डी? आमच्या महिला मंडळात विचारलं, तर एकीनेही हे नाव ऐकलं नव्हतं.

जीन ही केंब्रिजची, शिक्षणाने नर्स. १९६८ मध्ये, विशीत असताना, ती एडवर्ड्स यांच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून लागली. एडवर्ड्स केंब्रिजला आणि स्टेप्टो दूर उत्तरेला ओल्डहॅमच्या इस्पितळात. मध्ये अडीचशे किलोमीटरहून जास्त अंतर, त्यामुळे वर्षानुवर्षं ये-जा. त्यात १९७१ मध्ये ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने पैसे द्यायला नकार दिला. तरी काम चालू राहिलं.

स्टेप्टो दुर्बिणीने स्त्रीबीज बाहेर काढायचे. मग ते जपायचं, त्यासाठी द्रव तयार करायचा, फलन झालं का ते सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं, प्रत्येक गोष्टीची नोंद ठेवायची. यातलं बरंचसं जीनच्या हातून व्हायचं. दुधापाशी उभं राहण्यातही लक्ष लागतं हे आपल्याला वेगळं सांगायला नको, इथे तर रात्री-अपरात्री घड्याळ लावून बघायचं होतं! १९७७ च्या नोव्हेंबरमध्ये एका पेशीच्या आठ झालेल्या तिनेच प्रथम पाहिल्या. तीच २५ जुलै १९७८ ला जन्मलेली लुईस ब्राऊन.

‘ती काय, हाताखालची मदतनीस,’ असं कुणी म्हणेल. मला हे पटत नाही. मधल्या काळात आईच्या आजारपणामुळे जीन रजेवर गेली, तेव्हा ओल्डहॅमचं काम थांबलं. ती आल्यावरच पुन्हा सुरू झालं. जिच्यावाचून काम अडतं तिला मदतनीस कसं म्हणायचं? आणि आईच्या दुखण्यासाठी काम बाजूला ठेवावं लागणं, हे वाचताना तर ती मला अगदी आपल्यातलीच वाटली.

पुढे ओल्डहॅमला या कामाची पाटी लावायचं ठरलं. जीनचा वाटा माझ्याइतकाच आहे, तिचं नाव घाला, असं खुद्द एडवर्ड्स यांनी लेखी कळवलं. तरी पाटीवर नावं दोघांचीच. ही पत्रं २०१९ मध्ये उजेडात आली. जीन १९८५ मध्ये, चाळिशीही न गाठता, कर्करोगाने गेली. नोबेल २०१० मध्ये एकट्या एडवर्ड्स यांना मिळालं. स्टेप्टोही तोवर हयात नव्हते आणि गेलेल्यांना नोबेल देत नाहीत, तेव्हा त्याबद्दल कुणाला बोल लावायचा नाही. पाटीचं मात्र तसं नव्हतं. ती लावायची होती तेव्हा बाई जिवंत होती, काम करत होती. तिन्ही नावांची पाटी लागली ती २०१५ मध्ये.

आणखी काही नावं तर कुठल्याच पाटीवर नाहीत. १९६९ ते १९७८ या काळात २८२ बायकांनी स्वतःवर हे प्रयोग करू दिले. साडेचारशेहून जास्त वेळा त्यांच्या पोटात दुर्बीण गेली. त्यातून बाळं जन्मली दोन. बाकीच्यांची कूस या उपचाराने उजवली नाही, पण आज जगभर लाखो घरांत हलणारे पाळणे त्यांच्याही जिवावर हलताहेत.

मूल होत नाही म्हणून उपचार घेणाऱ्या बायकांशी माझं नेहमी बोलणं होतं. दागिने मोडून, सासरी कुणाला कळू न देता येतात बिचाऱ्या. डॉक्टरांचं नाव विचारा, डिग्य्रांसकट सांगतील. प्रयोगशाळेत तुझं बीज कुणाच्या हातात होतं, म्हटलं की गप्प. जीनचं काम आज करतो तो भ्रूणतज्ज्ञ. २०२१ च्या कायद्याने तर अशा केंद्रांना नोंदणी सक्तीची आहे आणि पात्र भ्रूणतज्ज्ञ असणंही. तेव्हा फाईल बनवताना डॉक्टरांच्या नावाखाली एक ओळ मी त्यांना मोकळी सोडायला सांगते. आत जाऊन विचारायचं, भ्रूणतज्ज्ञ कोण, आणि ते नाव स्वतःच्या हाताने तिथे लिहायचं.