पॅनलचं आर्टवर्क डीटीपीवाल्याच्या गळ्यात मारू नका



अँप्लिफायर बनवून विकणाऱ्या पोरांकडून एक वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता पाठ झालंय: "सर, माल आवाजावर विकला जातो, स्टिकरवर नाही." ऐकायला छान वाटतं. मग होतं काय? लॅमिंग्टन रोडवरून नाहीतर पुण्याच्या बुधवार पेठेतून पार्ट आणायचे, ट्रान्सफॉर्मर वाइंड करून घ्यायचा, हम काढण्यात दोन रात्री घालवायच्या, आणि डिलिव्हरीच्या आदल्या संध्याकाळी डीटीपीवाल्याच्या शेजारी स्टूल ओढून बसायचं. "इथे व्हॉल्यूम टाक, इथे बास, इथे ट्रेबल. जरा छान दिसेल असं कर."

माझं मत सरळ सांगतो, पटलं तर घ्या. फ्रंट पॅनलचं आर्टवर्क हे तुमचं काम आहे, आणि ते पत्र्याला पहिलं भोक पाडायच्या आधीचं काम आहे. डीटीपीवाला आपल्या कामात हुशारच असतो. लग्नपत्रिका तो डोळे मिटून लावेल. पण तुमचा पॉट कुठे सुरू होतो आणि कुठे अडतो, हे त्याला कोण सांगणार?

मी स्वतः कसा फसलो ते आधी सांगतो. ट्रेनिंगमध्ये येण्याआधी मी अँप बनवायचो. गणपतीच्या तोंडावर २५ नगांची ऑर्डर होती. पॅनल ३८० मिलिमीटर लांब. आर्टवर्क मीच केलं, पण फाइलमधलं पान ठेवलं ४६० मिलिमीटरचं. डिजिटल प्रेसची १२ बाय १८ इंचाची शीट म्हणजे ४५७ मिलिमीटर, त्यातही कडेला थोडी जागा सुटते. प्रेसवर 'फिट टू पेज'ची टिक तशीच होती. सगळं साधारण ९८ टक्क्यांवर छापलं गेलं. स्क्रीनवर, कागदावर, नुसत्या डोळ्यांना काही कळत नाही हो! पॅनलवर ठेवलं तेव्हा ३८० चं ३७२ झालेलं. मधोमध धरून लावलं तर दोन्ही टोकांना ४ मिलिमीटर उघडा पत्रा, आणि कडेच्या मास्टर नॉबचा गोल भोकापासून तीनेक मिलिमीटर सरकलेला. २५ च्या २५ स्टिकर कचऱ्यात. प्रेसवाल्याशी भांडायला गेलो तर तो म्हणाला, "तुम्ही कुठे सांगितलं वन इज टू वन?" बरोबरच होतं त्याचं.

तेव्हापासून माझ्या प्रत्येक आर्टवर्कच्या खाली, कापून जाणाऱ्या भागात, बरोबर १०० मिलिमीटरची एक रेघ असते. छापून आलं की आधी त्या रेघेवर स्टीलची फूटपट्टी ठेवायची. १०० भरली तरच पुढे.

आता स्केलचं बघू, कारण सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. नॉबभोवती ० ते १० छापायचं असतं. बाजारातले बरेच पॉट ३०० अंश फिरतात, म्हणजे घड्याळातल्या ७ पासून ५ पर्यंत. ११ खुणा, १० अंतरं, प्रत्येक अंतर ३० अंश. पण २७०, २८० वाले पॉटही मिळतात. त्यामुळे इंटरनेटवरून स्केल उचलून चिकटवायची नाही. तुम्ही जो पॉट बसवणार तोच कागदावर धरा, नॉब लावा, दोन्ही टोकांना फिरवून पेन्सिलने खूण करा आणि कोनमापकाने मोजा. पाच मिनिटांचं काम. नाहीतर व्हॉल्यूम पूर्ण फिरवूनही काटा ९ वर अडतो, आणि गिऱ्हाईक म्हणतं, "याचा दहावा आवाज कुठे गेला?" हसू नका, असा फोन खरंच येतो.

नॉबचा व्यासही आधी ठरवा. २४ मिलिमीटरचा नॉब म्हणजे मध्यापासून १२ मिलिमीटर झाकलं गेलं. खुणा १३-१४ च्या पुढेच सुरू झाल्या पाहिजेत. नॉब शेवटी जो मिळेल तो लावू, असं म्हणणाऱ्याचे आकडे नॉबखाली जातात.

सिलेक्टर स्विचचं गणित वेगळं. १२ पोझिशनच्या रोटरी स्विचला दोन पोझिशनमध्ये ३० अंश असतात. मध्यापासून १६ मिलिमीटरवर नावं लिहायची म्हटली तर एका नावाला जागा मिळते जेमतेम ८ मिलिमीटर. तिथे इंग्रजी कॅपिटलमध्ये 'ब्लूटूथ' ही नऊ अक्षरं कशी बसवणार? एकतर 'बीटी' लिहा, नाहीतर नाव बाहेर काढून रेघेने जोडा. हे डिझाइनच्या वेळी कळलं तर फुकटात सुटतं. स्विच बसवल्यावर कळलं तर अक्षरं बारीक करत बसावं लागतं.

आणि नावं नॉबच्या वर लिहा. हे माझं मत म्हणा, हट्ट म्हणा. अँप दुकानातल्या फळीवर असतो तेव्हा खालचं नाव नीट दिसतं. पण भजनी मंडळाच्या सतरंजीशेजारी किंवा टेम्पोत खाली ठेवलेल्या अँपकडे माणूस वरून बघतो, आणि नॉब खालचं नाव झाकून टाकतो. रात्री, मांडवाच्या अर्धवट उजेडात, ऑपरेटरने माइकचा म्हणून इकोचा नॉब फिरवला तर शिट्टी तुमच्या अँपच्या नावावर जमा होते.

देवनागरीत पॅनल हवं म्हणणारी गिऱ्हाइकं आता भेटतात. जरूर द्या, दिसतंही सुंदर. फक्त लक्षात ठेवा, मात्रा, वेलांट्या, उकार वर-खाली जागा खातात. इंग्रजी कॅपिटल अडीच मिलिमीटरला वाचता येतात, देवनागरीला मी साडेतीनच्या खाली जात नाही. काळ्यावर पांढरी अक्षरं असतील तर फॉन्ट जाड घ्या, बारीक रेघांमध्ये शाई भरते. आणि फाइल देताना सगळी अक्षरं कर्व्ह करूनच द्या. तो फॉन्ट प्रेसच्या कॉम्प्युटरवर नसेल तर 'आवाज'चं काय होईल ते सांगता येत नाही.

छपाईचं थोडक्यात. एक-दोन नग असतील तर डिजिटल व्हिनाइल, वर लॅमिनेशन. मोठा लॉट असेल तर पॉलिकार्बोनेटवर मागच्या बाजूने उलटं स्क्रीन प्रिंटिंग करून घ्या, बोटं घासून अक्षरं जात नाहीत. स्क्रीनला प्रत्येक रंग म्हणजे वेगळी स्क्रीन, तेव्हा एका रंगात भागवा. साध्या डिजिटल मशीनमध्ये पांढरी शाई नसते, म्हणून पारदर्शक स्टिकरवर पांढरी अक्षरं मागितली तर तिथे काहीच छापलं जात नाही. खरखरीत पावडर कोटिंगवर स्टिकर धरत नाही, समोरचा पत्रा गुळगुळीत ठेवायला आधीच सांगा.

इंकस्केप फुकट आहे, ते शिका. प्रिंट, ड्रिल आणि कट असे तीन लेअर ठेवा. भोकांचे मध्य ड्रिलच्या लेअरमध्ये, म्हणजे पत्रा आणि स्टिकर एकाच फाइलमधून निघतात. मग साध्या कागदावर छापा, पुठ्ठ्यावर चिकटवा, भोकं पाडून खरे पॉट आणि नॉब बसवा. जमिनीवर ठेवा, उभं राहून बघा. दिवा घालवून बघा.

हाच पुठ्ठा गिऱ्हाइकाला दाखवून व्हॉट्सअँपवर लेखी 'ओके' घ्यायचं. माझ्या बॅचमधल्या सांगलीकडच्या एका मुलाने मंडळाचं नाव फोनवर ऐकून छापलं. एक वेलांटी चुकली. मंडळाने अँप वाजवूनसुद्धा बघितला नाही, परत पाठवला. आवाज एक नंबर होता, मी ऐकलाय. गेला महिनाभर पैसे अडकून पडलेत त्याचे. बिचाऱ्याने पुढचे पार्ट उधारीवर उचललेत.

अजून एक, जरा कडू आहे. समोर मोठ्ठं '२००० वॉट' छापायचं आणि मागे फ्यूज ३ अँपिअरचा. २३० व्होल्टला ३ अँपिअर म्हणजे ६९० वॉट. साउंडवाला हे गणित दोन सेकंदांत करतो आणि मग तुमच्या बाकीच्या कुठल्याच आकड्यावर विश्वास ठेवत नाही. दुसऱ्याच्या पॅनलवरून आयएसआयची किंवा बीआयएसची खूण उचलून तर मुळीच लावू नका. परवाना किंवा नोंदणी नसताना ती छापणं हा गुन्हा आहे.

या आर्टवर्कचा वेळ कोटेशनमध्ये धरा. वेगळी ओळ लिहा, 'पॅनल डिझाइन' म्हणून. गिऱ्हाईक घासाघीस करेल, करू दे. दुसऱ्या नगाला तीच फाइल वापरायची आहे, तिथे थोडं सोडता येतं.

पुढच्या व्हिडिओत ३०० अंशांची स्केल इंकस्केपमध्ये शून्यापासून बनवून दाखवतो. बघायला बसताना तुमच्याकडचा पॉट मोजून त्याचा कोन कागदावर लिहून ठेवा, सोबत नॉबचा व्यासही.