स्त्रीवाद एकच नाही: टीव्हीवरची चर्चा आणि आपल्या लेकींचा हक

दहावीच्या राज्यशास्त्रात चळवळींवर एक धडा आहे. त्यात स्त्रियांच्या चळवळीचाही भाग येतो. यंदा तो शिकवताना मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "मॅडम, फेमिनिझम आपल्या मजहबच्या खिलाफ आहे ना? अब्बू म्हणत होते." तिच्या शेजारची लगेच म्हणाली, "असं कुठंय? माझी खाला तर म्हणते, औरतला हक इस्लामनेच दिला." तास संपायला पाच मिनिटे उरली होती. "उद्या बोलू" म्हणून मी दोघींना गप्प केले. ते उद्या काही आलेच नाही. हा लेख म्हणजे तो राहून गेलेला तास समजा.

मुलींचा काही दोष नाही. तीन तलाक, हिजाब, पोटगी, समान नागरी कायदा यांपैकी काहीही घडले की संध्याकाळी टीव्हीवर दोन बाजू बसतात. एक बाजू म्हणते, आम्ही मुस्लिम स्त्रीला मुक्त करायला निघालो आहोत. दुसरी म्हणते, स्त्रीवाद म्हणजे पश्चिमेकडून आलेला, घर मोडणारा विचार. जानेवारी २०२५ मध्ये उत्तराखंडात समान नागरी कायदा लागू झाला तेव्हाही हेच ऐकू आले. गंमत अशी की या दोन्ही बाजूंची एका गोष्टीवर एकवाक्यता आहे: स्त्रीवाद नावाची एकच एक वस्तू आहे. प्रत्यक्षात तो दोनशे वर्षांहून जुना वाद आहे आणि त्यातले लोक आपसातच जोरात भांडत आले आहेत. कोण कशासाठी भांडते हे कळले, तर आपल्या घरातले प्रश्नही जरा स्वच्छ दिसतात.

चार घराणी, चार प्रश्न

सगळ्यात जुना प्रवाह उदारमतवादी. इंग्लंडमध्ये मेरी वुल्स्टनक्राफ्ट यांनी १७९२ मध्ये पुस्तक लिहून मांडले की स्त्रिया बुद्धीने कमी दिसतात कारण त्यांना तालीमच मिळत नाही. पुढे जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८६६ मध्ये ब्रिटिश संसदेत स्त्रियांच्या मताधिकाराचा अर्ज सादर केला. या प्रवाहाचा प्रश्न सरळ आहे: कायदा, शाळा, मतपेटी, नोकरी इथे बाईला पुरुषाइतकाच दरवाजा उघडा आहे का? आपल्या मुली आज बारावीला, फार्मसीला, डीएडला जातात, त्यामागे हाच विचार आहे. त्याला कोणी स्त्रीवाद म्हणत नाही, एवढेच.

दुसरा प्रवाह समाजवादी. एंगल्स यांनी १८८४ मध्ये कुटुंब आणि खाजगी मालमत्ता यांचा संबंध मांडला. क्लारा झेटकिन यांनी १९१० मध्ये कोपनहेगनच्या परिषदेत महिला दिनाचा प्रस्ताव ठेवला. आज ८ मार्चला शाळेत आपण गुलाब वाटतो, पण तो दिवस कामगार बायकांच्या लढ्यातून आला. यांचे म्हणणे असे की कायद्यात बरोबरी लिहिली तरी पैसा आणि मालमत्ता कोणाच्या हातात आहे ते बघा. मालेगावात, भिवंडीत यंत्रमागाच्या आधाराने घरात बसून किरकोळ कामे करणाऱ्या बाईला समान हक्कांचे कलम तोंडपाठ असून काय उपयोग, मजुरी ठरवणारा दुसराच असेल तर?

तिसरा प्रवाह जहाल. १९७० च्या आसपास अमेरिकेत केट मिलेट आणि इतरांनी म्हटले की सत्ता फक्त संसदेत नसते, ती स्वयंपाकघरात आणि शयनगृहातही असते. जे घरातले म्हणून झाकले जाते, तेही राजकारणच आहे. आपल्या लोकांना सगळ्यात जास्त भीती याच प्रवाहाची वाटते, कारण त्यातल्या काहींनी कुटुंबव्यवस्थाच नाकारली. पण घरातल्या मारहाणीला "मियाँ-बीवीचा आपसातला मामला" न म्हणता गुन्हा म्हणायची हिंमत समाजाला आली, त्यात या प्रवाहाचा मोठा वाटा आहे. भारतातला २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा सर्व धर्मांच्या स्त्रियांना लागू आहे, हे आपल्या किती बहिणींना ठाऊक आहे?

चौथा प्रवाह मला आपल्यासाठी सगळ्यात कामाचा वाटतो. त्याची सुरुवात अमेरिकेतल्या काळ्या स्त्रियांनी केली. जनरल मोटर्समधून कामावरून काढलेल्या काही काळ्या स्त्रिया कोर्टात गेल्या होत्या. १९७६ मध्ये कोर्टाने त्यांचे म्हणणे फेटाळले. कारण काय? कंपनीत स्त्रिया आहेत, म्हणजे स्त्रियांशी भेदभाव नाही. कंपनीत काळे लोक आहेत, म्हणजे वर्णभेद नाही. पण त्या स्त्रिया गोऱ्या होत्या आणि ते काळे लोक पुरुष होते. काळी बाई दोन्हींच्या मधल्या फटीत पडली. १९८९ मध्ये कायद्याच्या अभ्यासक किंबर्ली क्रेनशॉ यांनी या फटीला नाव दिले. मराठीत त्याला आंतरछेदी स्त्रीवाद म्हणतात. शब्द जड आहे, पण अर्थ सोपा: दोन रस्ते मिळतात त्या चौकात जी उभी आहे, तिला दोन्हीकडून धक्का बसतो.

महाराष्ट्रात ही गोष्ट दलित स्त्रियांनी सांगितली. पुण्यात शर्मिला रेगे यांनी नव्वदच्या दशकात लिहिले की सवर्ण बायकांच्या अनुभवालाच "स्त्रीचा अनुभव" म्हणून चालणार नाही. आणि आपल्या मातीत हा विचार बाहेरून आलाय असे कोणी म्हणत असेल, तर ताराबाई शिंदे यांनी बुलढाण्यात बसून १८८२ मध्ये 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिली होती. बंगालमध्ये बेगम रुकैय्या यांनी १९११ मध्ये कलकत्त्यात मुस्लिम मुलींची शाळा चालू केली, आणि त्यासाठी त्या घरोघरी जाऊन पालकांची मनधरणी करत. सावित्रीबाईंच्या १८५६ च्या पत्रात फातिमाचे नाव येते. ही काही पश्चिमेची आयात नव्हे.

आमच्या नावाने कोण बोलतो?

आता मुस्लिम स्त्रीकडे येऊ. नोव्हेंबर २००१ मध्ये अफगाणिस्तानवर बॉम्ब पडत असताना अमेरिकेच्या अध्यक्षांच्या पत्नी लॉरा बुश यांनी रेडिओवरून अफगाण स्त्रियांच्या हक्कांबद्दल भाषण केले. पुढच्याच वर्षी मानववंशशास्त्रज्ञ लीला अबू-लुघोद यांनी एक लेख लिहून थेट विचारले की मुस्लिम स्त्रियांना वाचवण्याची खरोखर गरज आहे का, आणि वाचवणारा नेमके कशापासून वाचवतोय? त्याआधी, १९८४ मध्ये, मुंबईत जन्मलेल्या चंद्रा तळपदे मोहंती यांनी दाखवून दिले होते की पाश्चात्त्य लेखन तिसऱ्या जगातल्या सगळ्या बायकांना एकाच साच्यात घालते: बिचारी, अडाणी, दबलेली. याला उत्तर-वसाहतवादी स्त्रीवाद म्हणतात.

टीव्हीवरच्या पहिल्या बाजूला हा विचार चांगले उत्तर देतो. पण इथेच आपली माणसे थांबतात. "बघा, ते आपल्या बायकांचा वापर करतात" एवढे सिद्ध झाले की विषय संपला, असे समजतात. बाहेरचा माणूस खोटे बोलतोय म्हणून घरातले सगळे खरे ठरत नाही.

म्हणून इस्लामी स्त्रीवादाची नोंद घ्यायला हवी. अमीना वदूद यांनी १९९२ मध्ये कुरआन आणि स्त्री या विषयावर पुस्तक प्रसिद्ध केले. मोरोक्कोच्या फातिमा मर्निसी यांनी हदीसचे संदर्भ तपासले. २००९ मध्ये क्वालालंपूरला 'मुसावा' ही चळवळ उभी राहिली. यांचे म्हणणे असे की दीन आणि पुरुषांनी लावलेला त्याचा अर्थ या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. त्यांचे सगळेच निष्कर्ष आपल्या उलेमांना मान्य नाहीत, आणि काही मलाही पटत नाहीत. पण मोरोक्कोने २००४ मध्ये कुटुंब कायदा बदलून मुलीच्या लग्नाचे वय १८ केले, ते शरियतच्या भाषेतच, शरियत सोडून नव्हे. आपल्याकडे मुंबईत २००७ पासून काम करणारे भारतीय मुस्लिम महिला आंदोलनही कुरआनचा आधार घेऊनच बोलते. त्यांच्याशी मतभेद असू द्या, पण त्या बाहेरच्या आहेत असे म्हणता येत नाही.

हिजाब: एकाच वर्षातल्या दोन मुली

२०२२ हे वर्ष आठवा. त्या वर्षी उडुपीत मुली कॉलेजच्या फाटकाबाहेर उभ्या होत्या, कारण त्यांना हिजाब काढायचा नव्हता. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये इराणमध्ये महसा अमिनी या तरुणीचा पोलीस कोठडीत असताना मृत्यू झाला. हिजाब नीट न घातल्याच्या आरोपावरून तिला पकडले होते. आमच्या मोहल्ल्यात पहिलीसाठी लोक बोलले, दुसरीबद्दल गप्प राहिले. काही स्त्रीवादी म्हणवणाऱ्यांनी नेमके उलटे केले.

उदारमतवादी विचार प्रामाणिकपणे लावला तर दोघींच्या बाजूने एकच उत्तर येते: तिच्या डोक्यावर काय असावे हे सरकारने ठरवू नये. जहाल विचार विचारील, की घालण्यामागे घरचा दबाव होता का? हा प्रश्न कडू आहे, पण टाळता येत नाही. उत्तर-वसाहतवादी विचार म्हणेल, तिलाच विचारा ना! ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींत मतभेद झाले. त्यातले न्यायमूर्ती धुलिया यांनी मुलींच्या शिक्षणाला सगळ्यात जास्त वजन दिले. शिक्षिका म्हणून मला तोच मुद्दा कळतो. वर्गात मुलगी बसलेली असली, तरच पुढच्या सगळ्या चर्चा.

पोटगी ते संसद

पोटगीची कथा तुम्हाला माहीत आहे. इंदूरच्या शाहबानो यांच्या बाजूने १९८५ मध्ये निकाल लागला, तेव्हा रक्कम होती महिना १७९ रुपये २० पैसे. १९८६ मध्ये नवा कायदा आला. २००१ च्या डॅनियल लतिफी निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्याच कायद्याचा अर्थ स्त्रीच्या बाजूने लावला. १० जुलै २०२४ ला न्यायालयाने पुन्हा सांगितले की तलाकशुदा मुस्लिम स्त्री फौजदारी संहितेच्या कलम १२५ खालीही पोटगी मागू शकते. या चाळीस वर्षांत आपण किती सभा घेतल्या, किती सह्या जमवल्या! पण तलाकशुदा बहिणीच्या मुलांची फी भरण्यासाठी मोहल्ल्याच्या बैतुलमालमधून पक्की व्यवस्था किती ठिकाणी उभी राहिली?

संसदेचेही तसेच. २०२३ च्या महिला आरक्षण कायद्याने लोकसभेत आणि विधानसभांत एक तृतीयांश जागा दिल्या, पण जनगणना आणि मतदारसंघांच्या पुनर्रचनेची अट घालून. त्यात मागास आणि मुस्लिम स्त्रियांसाठी वेगळी तरतूद नाही. २०२४ च्या निवडणुकीत ७४ स्त्रिया लोकसभेत पोचल्या. त्यात मुस्लिम फक्त दोन, कैरानाच्या इकरा हसन आणि उलुबेरियाच्या साजदा अहमद. ती जनरल मोटर्सची फट इथे दिसते. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांना आहेत, त्यामुळे आपल्या बहिणी नगरसेविका होतात. पण फोन कोण उचलतो? "साहेब" म्हणून तिचे शौहर. इथे सरकारचा दोष किती आणि आपला किती, ते ज्याने त्याने ठरवावे.

तलाठी कार्यालयातला कागद

आता जो प्रश्न टीव्हीवर कधीच येत नाही. सूरह निसाच्या अकराव्या आयतीत मुलीचा हिस्सा ठरवून दिला आहे. भावाच्या निम्मा का, यावर वाद घालणारे घालोत. पण तो निम्मा तरी आपण देतो का?

माझे वडील शेतकरी. दादा गेल्यावर जमिनीवर नाव लावायच्या वेळी माझ्या दोन्ही फुफींनी हक्कसोड पत्रावर अंगठे केले. तालुक्याच्या गावी त्या सकाळच्या एसटीने आल्या, आमच्या घरी जेवल्या, नवे जोड घेऊन संध्याकाळी परत गेल्या. घरात सगळे खूश होते. त्या जमिनीच्या उत्पन्नातून माझे बीएड झाले. म्हणजे मी आज स्त्रियांच्या चळवळीचा धडा शिकवते, त्यात दोन अडाणी बायकांचा न दिलेला हिस्सा आहे. थोरल्या फुफीला शेवटच्या आजारपणात औषधासाठी भावाकडे हात पसरावा लागला. मागताना ती लाजत होती. खरे तर ती स्वतःचेच मागत होती.

हे फक्त आपल्यातच होते असे नाही. हिंदू मुलींना महाराष्ट्रात १९९४ पासून आणि देशभर २००५ पासून वडिलोपार्जित मालमत्तेत बरोबरीचा हिस्सा आहे, तरी हक्कसोड पत्रे त्याही देतात. म्हणजे कायदा बदलला की सगळे झाले, हे उदारमतवाद्यांचे गणित अपुरे आहे. दुसरीकडे १९३७ च्या शरियत कायद्याच्या दुसऱ्या कलमातूनच शेतजमीन वगळलेली आहे. शरियतमध्ये दखल नको म्हणणाऱ्यांनी ही गाळलेली जागा भरण्यासाठी किती मोर्चे काढले?

मार्च २०२३ मध्ये केरळमधल्या एका वकील दाम्पत्याने विशेष विवाह कायद्याखाली आपलेच लग्न पुन्हा नोंदवले. त्यांना तीन मुली. मुलगा नसला तर मुलींना मिळून दोन तृतीयांश मिळते, बाकी इतर नातेवाइकांकडे जाते. सगळे मुलींनाच मिळावे म्हणून त्यांनी तो मार्ग घेतला. खूप टीका झाली. तो मार्ग ज्यांना नको, त्यांच्यासाठी हयातीत हिबा करण्याची सोय आपल्या फिकहमध्ये आहेच. वकिलाला आणि आलिमला, दोघांना विचारा. पण विचारा तरी.

तर त्या दोन मुलींना माझे उत्तर असे. बेटा, स्त्रीवाद हे एक घर नाही, मोहल्ला आहे. त्यातल्या काही घरांत आपण जाणार नाही, काहींत दोन घटका बसू, आणि एखादे आपलेच निघेल. तुझे अब्बू ज्या घराला घाबरतात तेही आहे, आणि तुझी खाला म्हणते तेही खोटे नाही. पण खालाला एक विचार: इस्लामने दिलेला तो हक तिच्या हातात पडला का?

आणि अब्बूंना सांग, मॅडमनी सलाम सांगितलाय. सातबारावर लेकीचे नाव लागले, की मग आपण स्त्रीवाद चूक की बरोबर यावर निवांत बसून बोलू. चहा माझ्याकडून.