खेळांतील फजितीचें मोल

संगणकावरील खेळ म्हणजे निव्वळ कालापव्यय, असें वडील माणसें म्हणतात. तें सर्वस्वीं खरें नव्हे, असें माझें नम्र मत आहे. २०१५ सालीं पूर्णत्वास आलेल्या ‘कर्बल स्पेस प्रोग्रॅम’ या खेळांत मी अग्निबाण उडवितों. पहिला जागींच कोसळला. दुसऱ्याचें इंधन कक्षेंत संपून आंतील वीर तेथेंच अडकला. त्याच्या सुटकेसाठीं तिसरें यान धाडलें. पुढें चाललेल्या वीरास गांठावयास मीं वेग वाढविला, तों माझी कक्षा उंचावली, प्रदक्षिणेस अधिक काळ लागूं लागला आणि मी मागें पडलों! १९६५ च्या जून महिन्यांत ‘जेमिनी ४’ चे चालक जेम्स मॅकडिव्हिट यांचीहि अशीच फजिती झाली होती. रिकाम्या अग्निबाणाच्या रोखानें त्यांनीं यान हांकलें, परंतु तो हातीं लागला नाहीं. पुढच्यास गांठावयाचें तर प्रथम वेग आवरून खालच्या, आखूड कक्षेंत उतरावें लागतें. हा नियम मीं वाचला होता. पटला मात्र फजितीनंतर. जो खेळ चुका करूं देतो व त्यांचें कारण शोधावयास लावतो, त्यास शिक्षणच म्हणावें. माझा वीर अखेर सुखरूप परतला; त्या रात्रीं गृहपाठ मात्र राहिला, हेंहि कबूल केलें पाहिजे.