दलालाला परीक्षा कशाला?

जागेचा धंदा पुस्तक वाचून होत नाही, हे वाक्य कुठल्याही इस्टेट एजंटाच्या ऑफिसात चहा येण्याआधी ऐकायला मिळतं. महाराष्ट्राच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाने, म्हणजे महारेराने, 10 जानेवारी 2023 च्या आदेशाने एजंटांना प्रशिक्षण, परीक्षा आणि प्रमाणपत्र सक्तीचं केलं, तेव्हापासून या वाक्याला जास्तच धार चढली आहे. कोथरूडला, डोंबिवलीला किंवा नाशिकच्या गंगापूर रोडवर आयुष्यभर घरं दाखवलेली माणसं चिडून विचारतात, आता या वयात आम्ही वर्गात बसायचं? गिऱ्हाइकाने आजवर आमची मार्कशीट मागितली का?

नाही मागितली, हे खरं आहे. पण गिऱ्हाइकाने काय मागितलं नाही यावर धंद्याची पत ठरत असती, तर 'दलाल' हा शब्द शिवीसारखा वापरला गेला नसता. माझं म्हणणं सरळ आहे. जी पदवी काढून घेणारा कुणीच नाही, ती भिंतीवर लावायच्या कामाची. जी काढून घेता येते, ती मिळवावी, मग परीक्षा कितीही सोपी असो. एजंटाला वर चढायचं असेल तर शिडी हीच आहे. या म्हणण्याविरुद्ध जे बोललं जातं त्यातलं बरंचसं मी मान्य करणार आहे, आणि तरीही माझ्या जागेवरून हलणार नाही.

पहिला आक्षेप ओळखीचा. धंदा ओळखीवर चालतो, कागदावर नाही. यातला पूर्वार्ध बरोबर आहे. ओळख गिऱ्हाईक आणते, मालकाला बोलतं करते, अडलेला भाव पाच-पन्नास हजारांनी खाली-वर करते. पण त्यापुढचं सगळं कागदावरच चालतं. शहरापासून दोन तासांवरच्या एखाद्या गावाबाहेर, रविवारी सकाळी, गाडीच्या बॉनेटवर पसरलेला सात-बारा डोळ्यांसमोर आणा. मुंबईहून आलेलं जोडपं समोरची टेकडी बघतंय, एजंट बोट ठेवून सांगतोय, "बघा साहेब, नाव मालकाचंच आहे. सात-बारा एकदम क्लिअर." नाव मालकाचंच आहे, त्यात खोटं काही नाही. पण भूधारणा पद्धतीच्या जागी 'भोगवटादार वर्ग 2' लिहिलंय, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय ही जमीन विकता येत नाही. दोन नावांपुढे 'अ. पा. क.' आहे, म्हणजे खातेदार अज्ञान आहेत आणि आई पालनकर्ती म्हणून उभी आहे. अज्ञान मुलांचा हिस्सा विकायला न्यायालयाची परवानगी लागू शकते. इतर हक्कांत विकास सोसायटीचा बोजा आहे. आणि सगळ्यात मोठी गोष्ट सात-बारावर नाहीच: हे जोडपं शेतकरी नाही, त्यामुळे महाराष्ट्रात परवानगीशिवाय त्यांना शेतजमीन घेताच येत नाही. त्यावर एजंटाचं उत्तर तयार असतं, "शेतकरी असल्याचा दाखला मी करून देतो, काळजी नको."

हा माणूस लबाड आहे का? मला तसं वाटत नाही. यातला शेवटचा भाग सोडला, तर बाकीचं त्याला खरोखरच ठाऊक नसतं. ज्याच्याकडे तो शिकला त्यालाही ठाऊक नव्हतं. या धंद्यातल्या फसवणुकीच्या कहाण्यांत निम्मं तरी अज्ञान असतं, आणि अज्ञानी माणूस जितका ओळखीचा, तितका नुकसानीचा आकडा मोठा. कारण आपल्या भाच्याच्या मित्राने दाखवलेल्या जागेचा सर्च रिपोर्ट वकिलाकडून काढून घ्यायला आपल्याला संकोच वाटतो.

फ्लॅटच्या बाजूलाही तीच तऱ्हा. "आज वीस टक्के भरा, रेट लॉक होईल" असं साइट ऑफिसात बसून बिनदिक्कत सांगणारा चॅनल पार्टनर पुष्कळांना भेटला असेल. रेरा कायद्याच्या कलम 13 नुसार, नोंदणीकृत विक्री करारनामा झाल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. म्हणजे हा पोरगा आपल्याच बिल्डरला कायद्याच्या कचाट्यात ढकलतोय आणि वर त्याला टार्गेट पूर्ण केल्याचा आनंद आहे. कार्पेट आणि सेलेबल यांतला फरक विचारा, तो कॅलक्युलेटर काढेल आणि 'लोडिंग' हा शब्द उच्चारून गप्प होईल. वास्तविक चटई क्षेत्राची व्याख्या कायद्यात दिलेली आहे आणि विक्री त्यावरच व्हायला हवी. हे शिकायला दहा वर्षांचा अनुभव लागत नाही, काही तासांचं प्रशिक्षण पुरतं. दहा वर्षांच्या अनुभवानंतरही ते आलेलं नाही, हाच तर मुद्दा आहे.

दुसरा आक्षेप याच्या बरोबर उलट टोकाचा. परीक्षा म्हणजे पोरखेळ, सगळेच पास होतात. हाही खरा. मे 2023 मध्ये पहिली परीक्षा झाली. सव्वाचारशेच्या आत उमेदवार बसले आणि सुमारे 96 टक्के उत्तीर्ण झाले. इतक्या निकालाची परीक्षा ज्ञानाची कसोटी म्हणून मिरवणं हास्यास्पद आहे, आणि महारेराने तसं मिरवूही नये. पण गाडीचा परवाना कसा मिळतो ते आपल्याला माहीत आहे. आठाचा आकडा काढला की झालं. तरी परवाना नसलेल्याच्या शेजारी आपण बसत नाही, कारण परवाना असलेल्याचा परवाना जप्त होऊ शकतो. एजंटाच्या प्रमाणपत्राचंही तेच. रेरा कायद्याच्या कलम 9 मध्ये नोंदणी कशी द्यायची ते आहे आणि अटी मोडल्या किंवा फसवणूक केली तर ती रद्द कशी करायची तेही आहे. 2024 च्या मध्याला सुमारे 20,000 एजंटांची नोंदणी महारेराने स्थगित केली. कारण एकच, मुदत उलटून गेली तरी प्रमाणपत्र सादर केलं नव्हतं. त्यातल्या कितीकांनी धंदा कधीच सोडलेला असेल, हे मी धरून चालतो. तरीही या व्यवसायात नाव यादीतून जाऊ शकतं, ही गोष्ट महाराष्ट्रात पहिल्यांदाच इतक्या मोठ्या प्रमाणावर दिसली.

तिसरा आक्षेप असा की प्रमाणपत्र घेऊनही लबाड तो लबाडच राहणार. अर्थात राहणार. परीक्षा नीतिमत्ता शिकवते असं म्हणणाऱ्यांचा वकील मी नाही. पण 2017 मध्ये रेरा लागू होण्याआधी काय होतं ते आठवा. व्हिजिटिंग कार्डावर नाव आणि मोबाइल, एवढीच एजंटाची ओळख. व्यवहार फसला की मोबाइल बंद. पोलिसांत जायचं तर तो म्हणणार, मी फक्त जागा दाखवली, पैसे बिल्डरने घेतले. आज 'मी फक्त जागा दाखवली' हा बचाव लंगडा पडतो. ज्या प्रकल्पाला नोंदणी लागते पण केलेली नाही, तो विकायला मदत करणं कलम 10 नुसार एजंटाला वर्ज्य आहे. जी सोय प्रकल्पात नाही ती आहे म्हणून सांगणं ही अनुचित प्रथा ठरते. बुकिंगच्या वेळी गिऱ्हाइकाला हक्काची कागदपत्रं मिळतील हे पाहणं त्याचं काम आहे. हे मोडलं तर कलम 62 प्रमाणे दिवसाला 10,000 रुपये दंड, वाढत वाढत घराच्या किमतीच्या 5 टक्क्यांपर्यंत. ब्रोकरेज दोन टक्के आणि दंड पाच टक्क्यांपर्यंत, हा हिशेब कुठल्याही एजंटाला चटकन कळतो. लबाडाचं मन बदलत नाही, गणित बदलतं.

आता माझ्याच बाजूने बोलणाऱ्या, पण मला नको असलेल्या मंडळींकडे वळतो. सर्टिफिकेटचं महत्त्व पटलं की लगेच सर्टिफिकेटची दुकानं निघतात. हॉटेलच्या हॉलमध्ये दोन दिवसांचा वर्ग, शेवटी कोट घालून ग्रुप फोटो, आणि सोमवारपासून लिंक्डइनवर नावापुढे 'सर्टिफाइड प्रॉपर्टी एक्स्पर्ट'. कुणी सर्टिफाय केलं? ज्याने फी घेतली त्याने. चुकलात तर कुणाकडे तक्रार करायची? कुणाकडेच नाही. उद्या तुम्ही एकच फ्लॅट दोघांना विकलात तरी ही पदवी तुमच्या नावापुढे तशीच झळकत राहील. वर्ग घेणाऱ्यांनी विक्रीकौशल्य शिकवलं तर खुशाल शिकवावं, त्याचे पैसेही घ्यावेत. पण त्याला पदवी म्हणू नये. नवख्या एजंटाने अशा बिरुदावर पैसे घालवण्यापेक्षा त्या दोन दिवसांत तलाठी कार्यालयात बसून फेरफार वाचावेत. जास्त पदरात पडेल, आणि चहा तेवढा स्वतःच्या खर्चाने.

नावापुढच्या अक्षरांचं वेड अमेरिकेत जुनं आहे, म्हणून तिकडचा दाखला उपयोगी पडतो. तिथे घरविक्रीचा परवाना राज्य देतं, पण परवानाधारक प्रत्येक जण 'रिअल्टर' नसतो. ते नाव 1908 साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय संघटनेचं नोंदणीकृत चिन्ह आहे. ते वापरायचं तर संघटनेचं सभासद व्हावं लागतं आणि 1913 पासून चालत आलेली तिची आचारसंहिता पाळावी लागते. त्याच्या वर मग व्यापारी मालमत्तेसाठी सीसीआयएम, निवासी घरांसाठी सीआरएस अशा पायऱ्या. व्यवस्था सुरेख दिसते. पण याच संघटनेला कमिशनच्या पद्धतींवरून चाललेल्या दाव्यांत 2024 साली 41.8 कोटी डॉलर द्यायचं मान्य करून तडजोड करावी लागली. दावा असा होता की तिच्या नियमांमुळे घर विकणाऱ्यांना जास्त कमिशन भरावं लागत होतं. म्हणजे सभासदाला वठणीवर आणणारी संघटना स्वतःच सभासदांच्या फायद्याची राखणदार झाली, तर तिला वठणीवर आणायला न्यायालय लागतं. म्हणूनच आपल्याकडे एजंटांच्या संघटनांनीच पदव्या वाटाव्यात, सरकारी परीक्षा कशाला, असं सुचवलं जातं तेव्हा माझे कान टवकारतात. संघटनांनी वर्ग जरूर घ्यावेत. काढून घेण्याची चावी मात्र बाहेरच्याच्या हाती असावी.

किमान प्रमाणपत्राच्या वर काय, असं एखाद्या होतकरू एजंटाने विचारलं, तर मी त्याला आधी त्याचं गिऱ्हाईक कोण ते विचारेन. लंडनची आरआयसीएस ही मालमत्ता-सर्वेक्षकांची 1868 पासूनची संस्था. तिचं सभासदत्व मिळायला अनुभवाची छाननी आणि तज्ज्ञांपुढे मुलाखत असते, मिळाल्यावरही दरवर्षी ठरावीक तासांचं शिक्षण चालू ठेवावं लागतं, आणि ते काढूनही घेतात. बीकेसीत बहुराष्ट्रीय सल्लागार कंपनीत बसायचं असेल तर ती अक्षरं कामाची. वन-बीएचके भाड्याने लावून देणाऱ्याला त्यांचा खर्च झेपणार नाही, आणि त्याचा घरमालक ती वाचणारही नाही. नोंदणीकृत मूल्यांकनकाराची वाट वेगळी आहे. 2017 च्या नियमांनुसार जमीन आणि इमारत या वर्गासाठी परीक्षा द्यावी लागते आणि नोंदणी दिवाळखोरी मंडळाकडे असते. पण तिथे स्थापत्य, वास्तुकला, नगररचना अशी शैक्षणिक पार्श्वभूमी लागते, नुसत्या धंद्याच्या अनुभवावर दार उघडत नाही. शिवाय जो विकतो त्यानेच किंमत ठरवायची, हा हितसंबंधांचा गुंता आहेच. राहिलेल्या बहुसंख्यांनी आपल्या तालुक्याचा विकास आराखडा आणि जुन्या सोसायट्यांच्या पुनर्विकासाचे नियम पक्के करावेत. सहकारी संस्था कायद्याच्या कलम 79 अ खालचे पुनर्विकासाचे निर्देश वाचलेला एजंट सोसायटीच्या सभेत बोलायला उभा राहिला की कमिटी वही काढते. त्याला पदवी नाही, पण बढती आहे.

इथवर आल्यावर प्रमाणपत्राची एक मोठी उणीव सांगायलाच हवी, कारण विरोधक तिच्याकडे बोट दाखवत नाहीत, ती त्यांच्या सोयीची आहे. रेराची एजंट नोंदणी प्रकल्पातल्या विक्रीशी बांधलेली आहे. चाळीस वर्षं जुन्या इमारतीतला रिसेल फ्लॅट, भाडेकरार, पागडीची खोली, बॉनेटवरच्या सात-बाऱ्याची ती शेतजमीन यांचे व्यवहार करणारा दलाल या चौकटीबाहेरच राहतो. मध्यमवर्गीय माणसाचे दलालाशी येणारे बरेच संबंध नेमके इथलेच. तिथे ना नंबर, ना परीक्षा, ना कलम 62. राज्याने ही फट कशी बुजवायची ते ठरवावं, पण परीक्षा आम्हालाच का, हा नवीन प्रकल्प विकणाऱ्या एजंटाचा सवाल असेल तर माझं उत्तर 'त्यांनाही हवी' असं आहे, 'तुम्हाला नको' असं नाही.

आणि ज्यांना आज परीक्षा आहे त्यांच्याबाबत कायदा आधीच पुरेसा स्पष्ट आहे. कलम 34 प्रमाणे प्राधिकरणाने नोंदणी झालेल्या, नाकारलेल्या आणि रद्द झालेल्या एजंटांची नावं छायाचित्रांसह संकेतस्थळावर ठेवायची आहेत. एजंटांची नेतेमंडळी म्हणतात, अशा याद्या लोक बघायला लागले तर एका तक्रारीपायी माणूस आयुष्यातून उठेल. नुसत्या तक्रारीने उठू नये, हे मान्य. पण आदेशाने नोंदणी रद्द झालेल्या एजंटाचा फोटो टोकनचा चेक लिहिण्याआधी गिऱ्हाइकाला मोबाइलवर दिसला, तर त्यात अन्याय नेमका कुणावर झाला, हे त्यांनी एकदा सांगावं. बिल्डरला आपले कोर्टकज्जे जाहीर करावे लागतात. त्याचं घर विकून दोन टक्के घेणाऱ्याने पडद्याआड का राहायचं, याचं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही.